आलिशान मोटारी आणि संख्येचे कुंपण

सप्टेंबर १९८९ मध्ये अमेरिकेच्या बाजारात लेक्सस एलएस ४०० ही जपानी मोटार विक्रीस आली, तेव्हा तिची मूळ किंमत ३५ हजार डॉलर होती. त्याच वर्गातील बीएमडब्ल्यूची ७३५ आय पन्नास हजारांच्या वर होती आणि मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लासमधील ४२० एसईएल घ्यायची तर साठ हजारांहून अधिक डॉलर मोजावे लागत. लेक्सस हे नाव नवे होते; पण ते टोयोटाचे अपत्य आहे, हे सर्वांना ठाऊक होते. टोयोटाची ख्याती लहान, काटकसरी आणि सहसा न बिघडणाऱ्या गाड्यांची. अशा कारखान्याने धनिकांसाठी गाडी बांधावी आणि ती प्रतिस्पर्ध्यांच्या दोनतृतीयांश किंवा त्याहूनही कमी किमतीत विकावी, याचे जर्मनीत आश्चर्य वाटले आणि रागही आला. उत्पादनखर्चापेक्षा कमी दराने माल बाजारात ओतला जात आहे, असा आरोप तिकडून झाला.

मोटारींच्या जाणकारांनी या तीन गाड्यांची तुलना त्यांच्या रीतीप्रमाणे केली. लेक्ससचे इंजिन चार लिटरचे, आठ सिलिंडरांचे आणि २५० अश्वशक्तीचे होते. दूरचित्रवाणीवरील तिच्या जाहिरातीत बॉनेटवर शॅम्पेनच्या प्याल्यांचा मनोरा रचलेला असे. गाडीची चाके रोलरवर भरधाव फिरत आणि प्याला हलत नसे. वाऱ्याला होणारा विरोध आणि पेट्रोलचा खप या दोन्ही बाबतींत ती जर्मन गाड्यांपेक्षा सरस ठरली. जास्त पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांवर अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने बसवलेला कर तिला लागू होत नव्हता, जर्मन गाड्यांना होत होता. स्वतः गाडी हाकण्याची हौस असणारा मनुष्य मात्र बीएमडब्ल्यूच निवडील, आणि मर्सिडीजचा भारदस्तपणा, तिच्या दाराचा तो घनगंभीर आवाज, लेक्ससमध्ये नव्हता, हे तिच्या चाहत्यांनाही मान्य करावे लागेल. हा रुचीचा प्रश्न आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला खरे कुतूहल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे: लहान गाड्यांवर अमाप पैसा मिळवणाऱ्या कारखान्याला शिखरावर चढण्याची बुद्धी कशी झाली?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना १९८१ सालापर्यंत मागे जावे लागते. १९७९ च्या तेलदरवाढीनंतर अमेरिकन ग्राहक लहान जपानी गाड्यांकडे वळला होता. डेट्रॉइटचे कारखाने तोट्यात होते आणि क्रायस्लरला सरकारी हमीच्या कर्जावर तग धरावा लागत होता. मुक्त व्यापाराचा उद्घोष करणाऱ्या रेगन सरकारला उघडपणे आयातबंदी नको होती. तेव्हा जपाननेच 'स्वेच्छेने' वर्षाला १६ लाख ८० हजारांहून अधिक मोटारी न पाठवण्याचे मान्य केले. ही मर्यादा १९८४ मध्ये १८ लाख ५० हजारांवर आणि १९८५ मध्ये २३ लाखांवर नेण्यात आली. जपानच्या व्यापार व उद्योग मंत्रालयाने हा कोटा कंपन्यांमध्ये वाटून दिला.

बंधन गाड्यांच्या संख्येवर होते, किमतीवर नव्हते. रत्नागिरीहून मुंबईच्या नातेवाइकाकडे निघालेल्या गृहस्थाला मोजून एकच पेटी नेण्याची मुभा असेल, तर तो त्या पेटीत रायवळ आंबे भरणार नाही, निवडक हापूसच भरील. जपानी कारखान्यांनी नेमके हेच केले. एका परवानगीवर स्वस्त गाडी पाठवण्याऐवजी महाग गाडी पाठवली, तर तेवढ्याच परवानगीवर नफा कितीतरी अधिक मिळतो. दुसरीकडे, लहान गाड्या अमेरिकेतच बांधण्यास आरंभ झाला. होंडाने १९८२ मध्ये ओहायो राज्यात अकॉर्डचे उत्पादन सुरू केले, टोयोटाने १९८४ मध्ये जनरल मोटर्सच्या भागीदारीत कॅलिफोर्नियात. तेथे बांधलेली गाडी कोट्यात धरली जात नव्हती.

या व्यवहारात पैसा कुणाचा गेला, हेही पाहिले पाहिजे. आयातकर बसवला असता, तर वाढीव किमतीचा काही भाग अमेरिकेच्या तिजोरीत जमा झाला असता. कोट्यात तसे होत नाही. माल दुर्मिळ होतो, भाव चढतो आणि चढलेल्या भावाचा लाभ बव्हंशी विकणाऱ्याच्या पदरात पडतो. कचेरीत जाण्यायेण्यासाठी कोरोला घेणाऱ्या अमेरिकन कारकुनाने वा शिक्षिकेने त्या वर्षांत अधिक पैसे मोजले, आणि त्या नफ्यातूनच टोयोटाला पुढील मोठा खर्च झेपला, असे माझे मत आहे. ज्या संरक्षणामुळे डेट्रॉइटच्या कामगाराची नोकरी वाचेल असे सांगितले गेले, त्याची किंमत त्याच्याच शेजाऱ्याने भरली.

टोयोटाचे अध्यक्ष एइजी टोयोडा यांनी जगातील सर्वोत्तम गाड्यांना आव्हान देणारी मोटार आपण बांधू शकू काय, हा प्रश्न आपल्या अधिकाऱ्यांपुढे ठेवला तो ऑगस्ट १९८३ मध्ये, म्हणजे कोटा लागू असतानाच. कोटा हेच एकमेव कारण होते, असे म्हणणे धाडसाचे होईल. लहान गाडीचा ग्राहक वयाने आणि पगाराने वाढला की मर्सिडीजकडे निघून जातो, ही चिंताही होतीच. मुख्य अभियंता इचिरो सुझुकी यांच्या हाताखाली शेकडो अभियंते सहा वर्षे राबले, सुमारे ४५० नमुना-गाड्या बांधून तपासल्या गेल्या आणि खर्च एक अब्ज डॉलरांपलीकडे गेला. मधल्या काळात, सप्टेंबर १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन झपाट्याने महागला. सुमारे २४० येनांना मिळणारा डॉलर १९८७ अखेर १२० येनांच्या आसपास आला. स्वस्त गाडी निर्यात करण्यातला नफा आता त्या बाजूनेही आटला. होंडाची अक्युरा १९८६ मध्ये आली, निसानची इन्फिनिटी लेक्ससच्याच वर्षी.

येथे आपल्याकडील अनुभवाची आठवण होते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यालाही संख्येचेच कुंपण होते. परवान्याने उत्पादन बांधलेले होते आणि ग्राहक वर्षानुवर्षे नोंदणी करून वाट पाहत असे. तरीही पद्मिनी वरच्या पायरीवर गेली नाही. जपानी कंपन्यांना कुंपणाच्या आत एकमेकींशी झुंजावे लागत होते. आपल्याकडे जे निघेल ते खपत होते.

लेक्ससने ही झुंज किती गांभीर्याने घेतली, हे डिसेंबर १९८९ मध्ये दिसले. सदोष तारा आणि तापलेला ब्रेकचा दिवा यांविषयी अवघ्या दोन ग्राहकांच्या तक्रारी आल्या, आणि तोवर विकलेल्या सुमारे आठ हजार गाड्या कंपनीने वीस दिवसांत दुरुस्त करून दिल्या. कारागीर ग्राहकाच्या दारी जाऊन गाडी नेत, आणि परत करताना ती धुतलेली व टाकी पेट्रोलने भरलेली असे. मागच्या आसनावरील चामड्यापेक्षा या कृतीने लेक्ससचे नाव अधिक झाले.

जर्मन कारखान्यांची दृष्टी त्या काळी एकमेकांवरच खिळलेली होती. बीएमडब्ल्यूने १९८७ मध्ये ७५० आयएलमध्ये बारा सिलिंडरांचे इंजिन बसवले, म्हणून मर्सिडीजनेही १९९१ च्या नव्या एस-क्लासमध्ये बारा सिलिंडर आणि ४०८ अश्वशक्ती दिली. ही गाडी दोन टनांहून जड होती. जर्मनीतील झिल्ट बेटावर मोटारी नेणाऱ्या आगगाडीत ती मावत नाही, याची तेथे मोठी थट्टा झाली. १९९८ च्या एस-क्लासमध्ये वजन आणि आकार दोन्ही उतरवावे लागले. लेक्ससही स्वस्त राहिली नाही. येन चढत गेला, तशी १९९५ च्या सुमारास तिची किंमत पन्नास हजार डॉलरांपुढे गेली.

त्याच वर्षी मे महिन्यात क्लिंटन सरकारने तेरा जपानी आलिशान मोटारींवर शंभर टक्के आयातकर बसवण्याची घोषणा केली. एलएस ४०० त्या यादीत होती. ज्या धोरणाने या गाड्यांना जन्माला येण्यास हातभार लावला, त्याच देशाचे सरकार आता त्यांना दारातून परत पाठवू पाहत होते. मुदतीच्या दिवशी, २८ जून १९९५ रोजी, जिनेव्हात तडजोड झाली आणि कर लागू झाला नाही. तोवरचे काही आठवडे सर्वांत बेचैन होते ते या गाड्या विकणारे अमेरिकन व्यापारीच.