हसण्यावारी नेलेली गोष्ट

मैत्रिणींनो, विनोदी मालिका आपण सगळ्याच घरच्यांसोबत बसून बघतो. आज अमेरिकेतल्या एका जुन्या मालिकेबद्दल सांगते. मुलींच्या आयांनी तर हे वाचाच.

मालिका काय होती?

नाव 'ग्रोइंग पेन्स', म्हणजे वाढत्या वयातली दुखणी. १९८५ ते १९९२ या काळात ती तिथल्या एबीसी वाहिनीवर चालली. घरातले बाबा जेसन हे मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे मनाच्या आजारांचे डॉक्टर. आई मॅगी मुलं मोठी झाल्यावर पुन्हा बातमीदाराची नोकरी धरते. मग बाबा आपला दवाखाना घरातच सुरू करतात आणि माईक, कॅरोल, बेन या तिघांकडे बघतात. बाई कामाला आणि पुरुष घरी, यावरच सुरुवातीचे बरेच विनोद होते!

मुलांचं काही चुकलं की आईबाबा त्यांच्याजवळ बसून बोलायचे, त्यांचं ऐकून घ्यायचे. ही गोष्ट घेण्यासारखीच आहे.

मग अडचण कुठे?

कॅरोल हुशार, अभ्यासू मुलगी. तिचे भाऊ तिला सारखं चिडवायचे आणि प्रेक्षक हसायचे. ही भूमिका करणारी ट्रेसी गोल्ड तेव्हा स्वतःच वयात येत होती. १९८८ च्या सुमारास तिचं वजन थोडं वाढलं, आणि मालिकेत तिच्या जाडेपणावर विनोद यायला लागले. तिनं खाणं कमी केलं. वजन उतरलं, पण खाणं कमी करणं काही थांबेना. १९९२ मध्ये तर तिची तब्येत इतकी खालावली, की काम थांबवून उपचार घ्यावे लागले.

या आजाराला ॲनोरेक्सिया म्हणतात. यात मुलगी हाडाडलेली असते, तरी तिला आपण जाडच वाटतो. तो फक्त चेष्टेमुळे होतो असं नाही. ट्रेसीला लहानपणीही हा त्रास होऊन गेला होता. पण आधीच दुखऱ्या जागेवर रोज बोट ठेवलं तर काय होणार? पडद्यावर बाबा मनाचे डॉक्टर होते, तरी मुलीच्या मनाला काय लागतंय ते कुणी बघितलं नाही. ट्रेसी पुढे सावरली. तिनं या आजाराबद्दल उघडपणे सांगितलं, त्यावर पुस्तकही लिहिलं.

आपल्या घरी काय बघायचं?

जाडी, सुकडी, काळी असं आपणही सहज बोलून जातो. "गंमत केली गं" म्हणतो. मुलगीही हसते, म्हणून तिला लागलं नाही असं समजू नका. पुढच्या खुणांकडे लक्ष ठेवा:

- "मी आधीच जेवले" असं रोज सांगणं, ताटात अन्न टाकणं
- सगळ्यांसोबत जेवायला टाळणं
- वजन झपाट्यानं उतरणं, चक्कर येणं
- पाळी बंद होणं
- सारखं आरशात बघून "मी जाडच आहे" म्हणणं

अशक्तपणा आणि पाळीची इतरही कारणं असतात. म्हणून रागावू नका, जबरदस्तीनं घास भरवू नका. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. मनाबद्दल बोलायचं असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर आहे. फोन मोफत आहे, कधीही लावा.

एक फरकही लक्षात ठेवा. मानसशास्त्रज्ञ बोलून, समजून घेऊन मदत करतात. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, ते गरज पडली तर औषधही देतात. दोघांकडे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे.

गटाच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या घरात मुलींच्या रंगावर, अंगावर कोण काय बोलतं?
२. ते थांबवायला सुरुवात कोण करणार? सासूबाई, आपण, की मुलीचे बाबा?