दातांत राहिलेला चारा

शेळीचं वय आपण दातांवरून ओळखतो. पण दात त्याहून जास्त सांगतात. कझाकस्तानच्या डोंगरात दाली नावाच्या जागी ४७०० वर्षांपूर्वी लोक शेळ्या-मेंढ्या पाळत. तिथं थंडीत कुरणं बर्फाखाली जातात. मग कळप जगला कसा? संशोधकांनी जुने दात तपासले. पिल्लू वाढताना दात थराथरानं तयार होतो. पाण्याची नि चाऱ्याची खूण थरात राहते. पाण्यावरून ऋतू कळतो, चाऱ्यावरून खाणं. हिवाळ्याच्या थरांत वरईच्या जातीच्या धान्याची खूण सापडली. म्हणजे नुसतं कुरणं बदलून भागलं नाही. पीक घेऊन चारा साठवावा लागला. आपणही उन्हाळ्याचा चारा आत्ताच मोजून ठेवूया.