तारांची विचारपूस
(तंतुवाद्यांची लेखमाला : लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात आपण तातेचा, म्हणजे जनावरांच्या आतड्यापासून पिळून केलेल्या तारेचा विचार केला. अशा तातांच्या ल्यूट या वाद्यावर युरोपातील बरोक काळात, स्थूलमानाने 1600 ते 1750 या दीडशे वर्षांत, ‘प्रेल्यूड’ नावाचा जो आरंभवादनाचा प्रकार बहरास आला, त्याचा खुलासा आज करावयाचा आहे. आणि तो मला आपल्या वाशीम जिल्ह्यातील हरिनाम सप्ताहाच्या मंडपापासूनच आरंभावासा वाटतो.

अखंड सप्ताहात वीणा भुईला टेकू द्यावयाची नाही, असा दंडक असतो. पहारा बदलताना दोघे वीणेकरी परस्परांच्या पाया पडतात, वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि नवा वीणेकरी नामाचा उच्चार करण्यापूर्वी मान किंचित कलती करून, तर्जनीने एकेक तार छेडीत व खुंटीला जरासा पीळ देत, तारांची विचारपूस करतो. टाळकरी अजून टाळांच्या दोऱ्या बोटांना गुंडाळीत असतात, पखवाजी डाव्या अंगाला कणीक थापीत असतो. त्या घटकेत ऐकू येते त्याला कोणी अभंग म्हणणार नाही; तथापि येणाऱ्या अभंगाचा षड्ज तेथेच मुक्रर होतो.

प्रेल्यूडचे मूळ नेमके ह्याच विचारपुशीत आहे. 1508 मध्ये, म्हणजे बरोक काळाच्याही बरेच आधी, व्हेनिस येथे पेत्रुची या मुद्रकाने योआन आम्ब्रोझियो दाल्झा याच्या ल्यूटरचना छापल्या. त्यांतील काही छोट्या आरंभरचनांचे नावच मुळी ‘तारा चाचपणे’ अशा अर्थाचे आहे. पुढे ल्यूटच्या तारा वाढत वाढत तेरा जोडांपर्यंत गेल्या, आणि दमट हवेने क्षणात ढळणारी ती तात लावणे ही एक तपश्चर्याच होऊन बसली. ऐंशी वर्षे जगलेल्या ल्यूटवादकाची साठ वर्षे तारा लावण्यातच गेली असली पाहिजेत, असे माटेझोन या जर्मन लेखकाने 1713 साली लिहिले. त्यातील अतिशयोक्ती वजा केली तरी कष्टाची साक्ष उरतेच. तार लागली की नाही हे पाहणारे बोट हळूहळू स्वरांत रमू लागले, आणि चाचणीची रचना झाली.

सतराव्या शतकातील फ्रेंच वादकांनी तर हे आरंभवादन तालाच्या अंमलातून सर्वस्वी मुक्त ठेवले. लुई कूपरँ (निधन 1661) याने ल्यूटवादकांची ही रीत हार्पसिकॉर्डवर आणली, तेव्हा त्याने मात्रांचे विभाग पाडलेच नाहीत. सारे स्वर एकाच लांबीच्या चिन्हांनी मांडून त्यांवरून लांब वक्ररेषा ओढल्या, आणि कोणता स्वर किती काळ तेवत ठेवावा ह्याची पूर्ण मुखत्यारी वादकाच्या हाती सोपविली. आपल्या श्रोत्याला येथे आलापाचे स्मरण न झाल्यास नवल! मात्र दोहोंत एक मोठा भेद आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. पनवेलनजीक पळस्पे येथे गुरुकुल उभारणारे रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (1929–1990) यांच्या हातात हा तालाविण आरंभ विस्तारत जाऊन स्वतःच सभेचा मुख्य ऐवज झाला. युरोपात मात्र प्रेल्यूड बहुधा पुढील नृत्यरचनांचे दार उघडून बाजूस होई.

योहान सेबास्तियन बाखचा (1685–1750) ल्यूटसाठीचा सी मायनरमधील छोटा प्रेल्यूड ऐकताना ही दार उघडण्याची क्रिया प्रत्यक्ष जाणवते. तो तालबद्ध आहे. तीन मात्रांचे अवघे 43 विभाग. खाली जड तारेचा टणत्कार आणि वर सुट्या छेडलेल्या स्वरांची एकच लहानशी आकृती, विभागामागून विभाग; बदलते ती केवळ स्वरसंगती. श्रोता षड्जावर परतण्याची वाट पाहत असतो, आणि बाख त्याला पंचमाच्या स्वरसंगतीवर आणून सोडतो. केल्नर नावाच्या ऑर्गनवादकाने उतरून घेतलेल्या प्रतीमुळे ही रचना आपल्यापर्यंत पोहोचली. तिला जोडून पुढे काय वाजावयाचे, ते त्या प्रतीत लिहिलेले नाही.