हळदीची चिंधी आणि मूठभर माती

मे महिन्यात आडसाली लागणीची रानं तयार व्हायला लागली, की भोगावतीकाठच्या आमच्या गावात उकिरडे उपसायचं काम निघतं. यंदा मीही थोरल्या चुलत्यांबरोबर दाताळं घेऊन उभा राहिलो. वरचा कोरडा थर ओढला, तशी आतून वाफ आली आणि डोळे चुरचुरले. म्हशींचं मूत मुरलेला तो आतला कच्चा भाग.

हळदीच्या पाण्यात बुडवलेली एक चिंधी मी मुद्दाम नेली होती. ती ओलीच त्या वाफेवर धरली. थोड्याच वेळात कड तांबूस झाली. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तसंच हे. खतातला नत्र अमोनिया होऊन बाहेर पडत होता आणि अमोनियाही चुन्यासारखाच अल्कधर्मी. चिंधी वाऱ्यावर धरली तर परत पिवळी पडली. आला तसा निघून गेला!

चुलत्यांना चिंधीची गरज नव्हती. ट्रॉली रिकामी करून, ढिगल्या तशाच टाकून गडी जेवायला निघाले, तेव्हा ते म्हणाले, "आधी इस्कटा आणि मातीआड करा. उन्हात ठेवलं तर नुसता भुसा उरंल."

नत्राची दुसरी वाट मात्र नाकाला कळत नाही. गेल्या वर्षी पाटपाण्यानं तुडुंब भरलेल्या सरीत तिसऱ्या दिवशी खुरपं घातलं होतं. ढेकूळ राखाडी, चिकट, गटारासारखा वास; पण तो वास नत्राचा नव्हे. काळ्या भारी रानात पाणी साचलं की मातीतली हवा निघून जाते. मग जिवाणू नायट्रेटमधल्या ऑक्सिजनवर जगतात आणि नत्राचा वायू होतो. हे काम तडीला गेलं तर हवेत साधा नत्र मिसळतो. नुकसान फक्त शेतकऱ्याच्या खिशाचं. अर्धवट ओल्या रानात ते मध्येच अडतं आणि नायट्रस ऑक्साइड सुटतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो, शिवाय ओझोनचा थरही खातो.

आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. ढोबळ आंतरराष्ट्रीय हिशेबानं त्यातला एक टक्का, म्हणजे ४ किलो नत्र, या वायूच्या रूपानं जातो. त्याला जोडलेल्या ऑक्सिजनचं वजन धरून या वायूची तापवण्याची ताकद सुमारे १,७०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी भरते.

"सेंद्रिय घातलं म्हणजे झालं" असं आपण सहज म्हणतो. पण कच्चं शेण जिवाणूंना आयतं खाद्य देतं. ते खाताना मातीतला ऑक्सिजन आणखी लवकर संपतो. कच्चं खत, त्यावर युरिया आणि लगेच भरपूर पाणी, ही तिन्ही एकत्र आली की नत्र सर्वांत जास्त उडायची भीती असते. खत पुरतं कुजलेलं असेल तर त्यातला नत्र हळूहळू सुटतो आणि मुळांना तो घ्यायला वेळ मिळतो. युरियाही म्हणूनच हप्त्यांनी द्यायचा. पाचट पेटवलं तर त्यातला नत्र धुरावाटे जातो. खोडव्यात ते सरीत ठेवलं तर तो मातीतच फिरत राहतो.

निघताना गेल्या वर्षीच्या जुन्या ढिगावर चिंधी पुन्हा ओली करून धरली. खत काळंभोर, भुसभुशीत, पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास. चिंधी पिवळीच राहिली.

दुसऱ्या वायूसाठी अशी चिंधी नाही. तिथं वाफसा सांभाळणं एवढंच हातात. परवा पाण्याची पाळी आमची होती. चुलते सरीत वाकले, मूठभर माती दाबली आणि खाली टाकली. ढेकूळ फुटलं नाही.

"अजून दोन दिस नको," म्हणाले, आणि पाट शेजारच्या रानाकडं वळवला.