कॉलिन्स : एक आडनाव, दोन कुळे

इंग्रज कवी विल्यम कॉलिन्स (१७२१–१७५९) आणि आयरिश स्वातंत्र्यलढ्याचे नेते मायकेल कॉलिन्स (१८९०–१९२२) यांचे मूळ कूळ एकच असावे, असे सकृद्दर्शनी कोणासही वाटेल. वस्तुतः आडनावाचे हे साम्य केवळ लेखनातले आहे.

इंग्लंडमधील ‘कॉलिन्स’चे मूळ ‘निकोलस’ या नावात आहे. त्याचे लाडके संक्षिप्त रूप ‘कॉल’. त्याला फ्रेंच लघुत्वदर्शक प्रत्यय लागून ‘कॉलिन’ झाले आणि अंत्य ‘स’ने ‘कॉलिनचा मुलगा’ हा अर्थ आला.

आयरिश नावाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. तेथील मूळ नाव ‘ओ किलान’. ‘ओ’ म्हणजे वंशज, आणि ‘किलान’ म्हणजे श्वानाचे पिल्लू. लक्षणेने तरुण योद्धा. हे घराणे आजच्या लिमरिक परगण्याच्या पश्चिम भागातील अधिपतींचे. तेराव्या शतकात तेथून उखडले गेल्यावर त्याच्या शाखा पश्चिम कॉर्कमध्ये स्थिरावल्या. मायकेल कॉलिन्स यांचा जन्म याच प्रदेशातला. इंग्रजी अंमलातील लेखनिकांनी हे नाव प्रथम ‘ओ कुलेन’ असे कानाला ऐकू आले तसे टिपले. पुढे त्यांना परिचित असलेले ‘कॉलिन्स’च त्यावर बसविण्यात आले. ‘ओ’ गळाला तो गळालाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गेलिक पुनरुज्जीवनाच्या काळात अनेक घराण्यांनी आपला ‘ओ’ परत घेतला. परंतु ‘ओ कॉलिन्स’ हे रूप रूढ झाले नाही. कारण उघड आहे : इंग्रजी वेषात मूळ शब्दच ओळखू येईनासा झाला होता.

१८४५ ते १८५२ च्या महादुष्काळात दहा लाखांहून अधिक लोकांनी आयर्लंड सोडले आणि अशी नावे अमेरिका, ऑस्ट्रेलिया व खुद्द इंग्लंडमध्ये पसरली. त्यामुळे केवळ आडनावावरून कुळाचा निर्णय करणे धोक्याचे ठरते. जन्मस्थानही पुरेसे नाही. लंडनमध्ये जन्मलेले कादंबरीकार विल्की कॉलिन्स यांचे आजोबा आयर्लंडमधील विकलोचे होते. पिढ्यांचा माग गावागणिक काढावा लागतो, आणि तेथेच अभ्यासकाची वाट अडते. १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्स’ इमारतीतील दप्तरखाना भस्मसात झाला. १८२१ ते १८५१ या काळातील शिरगणतीचे बहुतेक कागद त्यात गेले. त्या इमारतीवर तोफा डागणाऱ्या हंगामी सरकारचे प्रमुख मायकेल कॉलिन्सच होते.