राखणदाराचा मान, धन्याची जबाबदारी



भाताच्या लोंबीत दूध भरले की आपण बांधावर राखणदार बसवतो. त्याला बजावतो, ‘कुणाचेही ढोर असो, आत येऊ देऊ नकोस.’ मग एके दिवशी आपलाच बैल आत शिरला आणि राखणदाराने तो हाकलला, तर त्याच्यावर हात उगारायचा का? तसे केले तर दुसऱ्या दिवसापासून तो कुणाचेच ढोर हाकलणार नाही. नुकसान आपलेच होईल.

राज्यकारभाराचेही असेच आहे. कायदे आपण निवडून दिलेली माणसे करतात आणि ते राखायला पोलीस उभा असतो. १८ मार्च २०१३ रोजी मुंबईच्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर वाहतूक पोलिसांनी एक मोटार वेगमर्यादेवरून अडवली. मोटार नालासोपाऱ्याचे आमदार क्षितिज ठाकूर यांची होती. नालासोपारा तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यातच होते. अधिकारी उद्धटपणे बोलला, अशी आमदारांची तक्रार होती. दुसऱ्या दिवशी हक्कभंगाचा विषय सभागृहात आला आणि त्याच दिवशी विधानभवनाच्या आवारात त्या अधिकाऱ्याला मारहाण झाली. २० मार्चला विधानसभेने वेगवेगळ्या पक्षांच्या पाच आमदारांना ३१ डिसेंबर २०१३ पर्यंत निलंबित करण्याचा ठराव केला. पुढे दोघांना अटकही झाली.

हा विशेषाधिकार म्हणजे काय, हे आपण समजून घेतले पाहिजे. राज्यघटनेच्या कलम १९४ ने आमदाराला सभागृहात निर्भयपणे बोलण्याचे आणि मत देण्याचे संरक्षण दिले आहे. तुमचे-आमचे गाऱ्हाणे त्याने न घाबरता मांडावे, यासाठी ते आहे. रस्त्यावर भरधाव जाण्यासाठी नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ नुसार, कर्तव्यावरील लोकसेवकावर हल्ला केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुखापत करून त्याला कामापासून रोखले, तर कलम १२१ नुसार पाच वर्षांपर्यंत. आमदाराला एक कलम आणि शेतकऱ्याला दुसरे, असे त्यात नाही. शिवाय दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली, तर सदस्यत्व तत्काळ जाते, असा सर्वोच्च न्यायालयाचा १० जुलै २०१३ चा निकाल आहे.

पण सगळा दोष पुढाऱ्यांच्या माथी मारून मोकळे होऊ नका. सात-आठ वर्षांपूर्वी डोंबिवलीत माझ्याच पुतण्याला हेल्मेट नाही म्हणून हवालदाराने अडवले. पठ्ठ्याने दंड भरण्याऐवजी एका नगरसेवकाला फोन लावला. फोन हवालदाराच्या हाती गेला. तो दोन मिनिटे मान खाली घालून ऐकत राहिला आणि त्याने गाडी सोडली. घरी येऊन पुतण्याने ही मर्दुमकी सांगितली तेव्हा आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. पुढाऱ्याला ही सवय लावतो कोण? आपणच ना?

तो हवालदार तरी कोण असतो? बहुधा कुणा शेतकऱ्याचाच मुलगा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर अतिरेक्याची बंदूक छातीशी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे हे सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातील केडंबे गावचे. हाती होती ती काठी. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. अशा माणसांचे पुतळे उभारायचे आणि त्यांच्या सोबत्यांना चौकात अरे-तुरे करायचे, हे शोभत नाही.

याचा अर्थ वर्दीपुढे वाकायचे असा नाही. कुंपणच शेत खाऊ लागले तर बोललेच पाहिजे. पोलीस चुकला तर वरिष्ठांकडे लेखी तक्रार द्या. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे. तक्रारीची वाट कागदाची, हाताची नव्हे.

तेव्हा दोन गोष्टी करा. चूक झाली तर दंड भरा, पावती घ्या, कुणाला फोन लावू नका. आणि मत मागायला येणाऱ्याला रस्ता-पाण्याबरोबर एवढेही विचारा, ‘पोलिसाने तुमची गाडी अडवली तर काय कराल?’ जो म्हणेल, ‘थांबेन, कागद दाखवीन,’ त्याच्या हाती शेत सोपवायला हरकत नाही.