सिम एकाचे, टॉवर दुसऱ्याचा

उमऱ्याहून आलेल्या किंवा सौदीत नोकरीला असलेल्या नातेवाइकांकडे लेबारा, व्हर्जिन अशा नावांची सिम दिसतात. मग घरात विचारणा होते, या कंपनीचा टॉवर असतो कुठे? तर तो नसतोच.

अशा कंपनीला एमव्हीएनओ म्हणतात. ती मोठ्या कंपनीकडून मिनिटे आणि डेटा घाऊक भावात घेते व स्वतःच्या नावाने किरकोळीत विकते. बारामतीच्या होलसेलवाल्याकडून माल आणून मोरगावात दुकान चालवावे, तसेच हे. सिम, रिचार्ज, ग्राहक सेवा तिची. टॉवर आणि स्पेक्ट्रम दुसऱ्याचे. यात फसवणूक काही नाही, रीतसर परवाना असतो. सौदीत २०१४ मध्ये व्हर्जिन मोबाईल एसटीसीच्या जाळ्यावर सुरू झाली, लेबारा मोबाइलीच्या. म्हणजे लेबाराची रेंज मोबाइलीची जिथवर, तिथवरच! परदेशी कामगारांचे घरी होणारे कॉल हेच लेबाराचे मुख्य गिऱ्हाईक, म्हणून त्या प्लॅनवर तिचा भर.

आपल्याकडे २००८ मध्ये व्हर्जिन मोबाईल टाटा टेलिसर्व्हिसेसच्या नेटवर्कवर आली होती. तेव्हा असा वेगळा परवानाच नव्हता, त्यामुळे ती नुसत्या ब्रँडच्या करारावर चालली. नियम आले २०१६ मध्ये. तरीही मोरगावच्या दुकानात आजही जिओ, एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल एवढेच मिळते. आम्हाला कारण साधे वाटते: इथले दर मुळातच कमी, आणि स्वतःच्याच स्पर्धकाला घाऊक माल कोण आनंदाने देईल?

आता कामाचे. भाद्रपद-माघात चतुर्थीच्या गर्दीत मोरगावला रेंज फुल दिसते, पण फोन लागत नाही, हे आपण पाहतोच. हरमच्या गर्दीत अम्मी-अब्बांची चुकामूक झाली तर हाच प्रश्न जिवाला घोर लावतो. काही करारांत गर्दीच्या वेळी मूळ कंपनीच्या ग्राहकांना आधी जागा मिळते. म्हणून दोघांची सिम एकाच जाळ्यावरची घेऊ नका. एकाचे एसटीसीवरचे, दुसऱ्याचे मोबाइलीवरचे असू द्या. नावे वेगळी असून टॉवर एकच निघू शकतो, तेव्हा दुकानदाराला "नेटवर्क कुणाचे?" असे सरळ विचारा. सौदीत सिमसाठी पासपोर्ट आणि बोटाचा ठसा लागतो, त्यामुळे दुसऱ्याच्या नावावरचे तयार सिम कुणी दिले तरी घेऊ नये. आणि भारतातले सिम काढून पेटीत टाकू नका. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. निघण्याआधी त्याचे रोमिंग चालू करून घ्या.